मुंबईच्या धर्मपीठाचें स्वराज्य

सन २०२५ च्या मे महिन्यांत रोम येथील एका धुराड्यांतून पांढरा धूर निघाला आणि तें दृश्य नातेपुत्याच्या पेठेंत दुकानादुकानांतून लोकांनीं आपापल्या मोबाइलवर पाहिलें. एप्रिलच्या २१ तारखेस पोप फ्रान्सिस निवर्तले होते. ८ मे रोजीं १३३ कार्डिनलांनीं मिळून अमेरिकेंत जन्मलेल्या रॉबर्ट प्रिव्होस्ट यांस त्यांच्या जागीं निवडलें व त्यांनीं चौदावे लिओ हें नांव धारण केलें. त्या १३३ मतदारांत चौघे आपल्या देशाचे होते, आणि त्यांतले एक, गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव, हे तर आपल्या शेजारचेच. हें वर्तमान चाललें असतां आमच्या एका भुसारी स्नेह्यानें आम्हांस विचारलें, “वकीलसाहेब, हे कार्डिनल म्हणजे नक्की कोण? मठाधिपती, कीं पंचकमिटीचे मेंबर?”

प्रश्न थट्टेनें विचारलेला नव्हता व त्याचें उत्तरही थट्टेवारी नेण्यासारखें नाहीं. कार्डिनल हे दोन्ही आहेत. त्या पदासाठीं निराळी दीक्षा नाहीं. ती पोपनें दिलेली पदवी व तिच्याबरोबर येणारी जबाबदारी आहे. मोठमोठ्या शहरांचे आर्चबिशप, रोममधील खात्यांचे मुख्य अधिकारी, अशांतून पोप आपल्या मर्जीनें कार्डिनल नेमतो. आणि पोपाच्या पश्चात् ज्यांचें वय ८० च्या आंत आहे असे कार्डिनल एकत्र जमून नवा पोप निवडतात. म्हणजे नेमणारा ज्यांस नेमतो तेच पुढें नेमणाराची गादी कोणास द्यावयाची हें ठरवितात. या चक्रास सामान्य भाविकाचा हात कोठेंच लागत नाहीं, हा या व्यवस्थेचा मोठा दोष. पण बापाकडून मुलाकडे जाणारा वारसाही तींत कोठें नाहीं, हा तिचा गुण. हे गुणदोष आपल्याकडील देवस्थानांच्या कारभाराशीं ताडून पाहण्यासारखे आहेत, आणि तेवढ्यासाठींच आज आम्हीं पहिले हिंदी कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचें चरित्र विचारास घेतलें आहे. धर्मोपदेशक या नात्यानें त्यांची योग्यता त्यांच्या भाविकांनीं ठरवावी. आम्हांस त्यांत गोडी वाटते ती कायद्याच्या व स्वराज्याच्या दृष्टीनें.

ग्रेशियस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजीं कराची येथें एका गोमंतकीय कुटुंबांत झाला. पोटासाठीं गोवा सोडून मुंबई, कराची, आफ्रिका अशा ठिकाणीं गेलेले हजारों गोवेकर त्या काळीं होते; त्यांतलेंच हें एक घर. शालेय शिक्षण कराचींत, पुढील धर्मशिक्षण मंगळुरास व सिंहलद्वीपांतील कँडी येथें झालें. १९२६ सालीं दीक्षा मिळाली व नंतर दोन वर्षें रोमच्या ग्रेगरियन विद्यापीठांत गेलीं. १९२९ सालीं ते परत आले तेव्हां मुंबईच्या गादीवर योआकिम लिमा या नांवाचे पोर्तुगीज आर्चबिशप होते. त्यांचे चिटणीस म्हणून ग्रेशियस लागले आणि धर्मप्रांताचें सारें दफ्तर हळूहळू त्यांच्या हातीं आलें.

दफ्तर हातीं येणें म्हणजे काय, हें ज्यानें एखाद्या संस्थानाच्या किंवा सोसायटीच्या कचेरींत चार वर्षें काढलीं आहेत त्यास सांगावयास नको. कोणती जागा कोणाच्या नांवें, कोणता पट्टा कधीं संपतो, कोणाचा हिशेब कधींपासून तुंबला आहे, हें ज्यास तोंडपाठ असतें तो खुर्चीवर नसला तरी खुर्ची त्याच्या सल्ल्यानें हलते. पुढें ‘एक्झॅमिनर’ या मुंबईच्या कॅथॉलिक साप्ताहिकाचें संपादनही ग्रेशियस यांनीं केलें. तेव्हां आमच्या धंद्याशींही त्यांचा संबंध लागतो. १९४१ च्या डिसेंबरांत कुलाब्याच्या होली नेम या मुख्य चर्चचे रेक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या जागीं बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १९४६ सालीं ते साहाय्यक बिशप झाले. वय ४५ होतें. त्याच्या वरची पायरी एकच उरली होती, आणि ती त्यांच्यासाठीं कायद्यानें बंद होती.

हा कायदा काय होता तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण या चरित्राचा सारा गाभा त्यांत आहे. पंधराव्या शतकांत रोमच्या पोपांनीं पोर्तुगालच्या राजास एक सनद दिली. तुझीं गलबतें जेथें जातील तेथें चर्चें बांध, पाद्री पोस, खर्च तूं कर. मोबदल्यांत त्या मुलखांतील बिशप तूं सुचविशील तेच आम्ही नेमूं. यासच पोर्तुगीज भाषेंत ‘पाद्रोआदो’ म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर हें सरळसरळ वतन झालें: देऊळ बांधणाऱ्यानें पुजारी नेमण्याचा हक्क वंशपरंपरा आपल्याकडे ठेवावा तसें. १५३४ सालीं गोव्यास बिशपाची गादी स्थापन झाली आणि या वतनाचा अंमल हिंदुस्थानांत सुरू झाला. पुढें रोमच्या लक्षांत आलें कीं राजा जागा अडवितो पण माणसें पाठवीत नाहीं. म्हणून १६२२ सालीं पोपनें ‘प्रोपागांदा’ या नांवाचें धर्मप्रसाराचें स्वतंत्र खातें काढलें. तेव्हांपासून हिंदुस्थानांत एकाच पंथाचे दोन कारभारी झाले, एक लिस्बनच्या हुकुमाचा व एक रोमच्या हुकुमाचा. आणि दोघांची भांडणें सव्वातीनशें वर्षें चाललीं.

या भांडणांत देशी माणसाची अवस्था काय झाली याचीं दोन उदाहरणें आम्ही देतों. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळांतले मातेउस द कास्त्रो या गृहस्थांस गोव्याच्या आर्चबिशपानें दीक्षा नाकारली, कारण ते ब्राह्मण, म्हणजे देशी. ते रोमला गेले, तेथें शिकले, दीक्षित झाले, आणि १६३७ सालीं रोमच्या नव्या खात्यानें त्यांस बिशप करून परत पाठविलें. गोव्यांत त्यांचें बिशपपण कोणी मानलें नाहीं. तेव्हां पोर्तुगीज हद्द सोडून ते डिचोलीस, विजापूरच्या अदिलशाही मुलखांत, जाऊन राहिले व तेथें त्यांनीं चर्चें बांधलीं. (आमचा हा नीरेकांठचा मुलूखही त्या काळीं त्याच अदिलशाहींत मोडत होता, म्हणजे कागदोपत्रीं तरी या देशी बिशपाची हद्द येथवर पोंचत होती.) दुसरें उदाहरण १७८७ सालचें. कुटु व गोन्साल्विस हे दोन गोमंतकीय पाद्री रिकाम्या पडलेल्या बिशपांच्या जागा आपल्या लोकांस मिळाव्या म्हणून लिस्बनला दाद मागण्यास गेले होते. तेथें त्यांस वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. परत आल्यावर गोव्यांत सरकार उलथण्याचा कट झाला, तो फुटला, पंधरा जणांस देहान्त शिक्षा झाली व पाद्र्यांस कैद करून पोर्तुगालला नेण्यांत आलें. गोव्याच्या इतिहासांत हा पिंटोंचा कट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचें मूळ धर्मखात्यांतील नेमणुकांत होतें, हें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं.

मुंबईची कथा याहून विचित्र आहे. १६६१ च्या तहानें पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या राजास दिली व तिच्याबरोबर मुंबई बेटही दिलें. तेथील कॅथॉलिकांचें धर्माचरण अबाधित राहील अशी अट तहांत होती. पण १७२० सालीं इंग्रज गव्हर्नरानें पोर्तुगीज बाजूचे पाद्री हांकून दिले आणि रोमच्या खात्याचे कार्मेलाइट पाद्री आणून बसविले. पुढें पोर्तुगीज पक्षानें उचल खाल्ली व १७९४ सालीं मुंबईंतील चर्चें दोन कारभाऱ्यांत वांटून देण्यांत आलीं. एकाच शहरांत, एकाच पंथाच्या लोकांवर, दोन बिशपांची सत्ता! एका भावाचें घर एका हुकमतींत, दुसऱ्याचें दुसऱ्या. १८८६ च्या करारानें मुंबईस आर्चबिशपाची गादी स्थापन झाली, तरी पोर्तुगीज वांट्यासाठीं दमणचा निराळा धर्मप्रांत ठेवलाच. अखेर १९२८ च्या एप्रिलांत लिस्बन व रोम यांच्यांत नवा करार होऊन दमणचा तो धर्मप्रांत मोडला, आणि मुंबईच्या गादीविषयीं असें ठरलें कीं तिजवर आळीपाळीनें एकदां पोर्तुगीज व एकदां ब्रिटिश आर्चबिशप बसावा.

या कराराकडे वकिलाच्या नजरेनें पाहावें. ज्या शहराची गादी, त्या शहरांत राहणाऱ्या माणसाची पाळी या फेऱ्यांत कोठेंच नाहीं. दुसरें असें कीं, पोर्तुगालांत १९१० सालीं राजा गेला होता, प्रजासत्ताक आलें होतें, आणि १९११ सालीं त्या प्रजासत्ताकानें कायदा करून स्वतःच्या देशांत राज्य व चर्च यांची फारकत केली होती. स्वदेशांत ज्यांनीं पाद्र्यांचा हात सरकारांतून काढला, तेच परमुलखांत पाद्री नेमण्याचा सरकारी हात सोडावयास तयार नव्हते! वतनाची गोडी वतनदाराच्या तत्त्वज्ञानाहून बळकट असते, हें आम्हीं आमच्याकडेही पुष्कळदां पाहिलें आहे.

या फेऱ्याप्रमाणें पहिली पाळी पोर्तुगालची होती व लिमा आले. त्यांच्यामागें १९३७ सालीं ब्रिटिशांची पाळी म्हणून लिव्हरपूलचे जेसुइट थॉमस रॉबर्ट्स आले. आणि हे रॉबर्ट्स निराळ्या मुशींतले निघाले. मुंबईच्या गादीवर हिंदी माणूस बसावा, असें या इंग्रजाचें मत झालें.

परंतु पेंच असा कीं, त्यांनीं सरळ राजीनामा देणें म्हणजे जागा रिकामी करणें, आणि जागा रिकामी झाली कीं पुढची पाळी पोर्तुगालची! १९२८ चा करार जिवंत असेतोंवर रॉबर्ट्स यांच्या राजीनाम्याचा लाभ लिस्बनला मिळणार होता. म्हणून त्यांनीं ग्रेशियस यांस साहाय्यक बिशप करवून घेतलें आणि त्याच १९४६ सालीं, सारा कारभार त्यांच्यावर सोंपवून, आपण हिंदुस्थान सोडला. नांवाचे आर्चबिशप रॉबर्ट्स, कामाचे ग्रेशियस. चार वर्षें ही स्थिति राहिली. १९४७ च्या ऑगस्टांत इंग्रजी निशाण उतरलें. दिल्लींत आपलें सरकार आलें. तरी मुंबईच्या बिशपाच्या नेमणुकींत लिस्बनचा हक्क कागदावर उभा होता. स्वतंत्र झालेल्या देशांत परराष्ट्राचा असा हक्क चालणें शक्य नव्हतें हें रोम, दिल्ली व लिस्बन या तिघांसही कळत होतें. सोडावा कोणीं व केव्हां, एवढाच प्रश्न होता. १८ जुलै १९५० रोजीं पोर्तुगालनें रोमशीं करार करून मुंबईच्या फेऱ्यावरील आणि मंगळूर, कोल्लम, त्रिचनापल्ली, कोची व मैलापूर येथील नेमणुकींवरील आपले हक्क सोडले. ४ डिसेंबर १९५० रोजीं रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला व त्याच दिवशीं ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. एक गोळी सुटली नाहीं, एक मोर्चा निघाला नाहीं. एका माणसानें राजीनामा खिशांत ठेवून चार वर्षें योग्य दिवसाची वाट पाहिली, एवढेंच. कोर्टांत मुदतीचें महत्त्व जाणणाऱ्यांनीं या धीराची किंमत करावी.

१२ जानेवारी १९५३ रोजीं पोप बारावे पायस यांनीं २४ नवे कार्डिनल केले, त्यांत ग्रेशियस होते. त्याच यादींतले रोंकाली पुढें तेविसावे जॉन या नांवानें पोप झाले. १९५८ व १९६३ या दोन्ही निवडणुकींत ग्रेशियस यांनीं मत दिलें. हिंदी बिशपांच्या परिषदेचें अध्यक्षपद त्यांनीं दीर्घकाळ संभाळलें. १९५६ सालीं जुन्या मध्यप्रांतांतील नियोगी कमिटीचा अहवाल बाहेर पडला व मिशनऱ्यांच्या उद्योगांवर त्यानें ठपका ठेवला, तेव्हां कॅथॉलिक बिशपांनीं त्यास जोराची हरकत घेतली. तो वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र खरें कीं, ‘हे सारे परकीयांचे हस्तक’ हा आक्षेप ऐकून घेण्यास व त्यास उत्तर देण्यास आतां हिंदी माणूस समोर होता, आणि त्यामुळें वादाचा सूरच बदलला. १९६४ च्या अखेरीस मुंबईस जागतिक युखरिस्त परिषद भरली व पोप सहावे पॉल स्वतः आले. हिंदुस्थानच्या भूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. १९६६ सालीं भारत सरकारनें ग्रेशियस यांस पद्मविभूषण दिलें. १९७८ च्या ऑगस्टांत पुन्हां पोप निवडावयाचा होता, पण दुखण्यामुळें ते रोमला जाऊं शकले नाहींत, आणि ११ सप्टेंबर रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. पायस यांनीं दिलेली त्यांची लाल टोपी कुलाब्याच्या त्या चर्चमध्यें जतन केलेली आहे.

याच काळांत गोव्यांत उलटा प्रकार घडत होता. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. तेथील पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाझ गोवा सोडून गेले, परंतु त्यांचा राजीनामा मंजूर झाला तो १९७५ सालीं, पोर्तुगालनें गोव्याचें भारतांतील विलीनीकरण मान्य केल्यानंतर. तोंपर्यंत गोमंतकीय पाद्र्यांनीं कारभार केला, पण खुर्ची दुसऱ्याच्या नांवें. १९७८ सालीं राऊल गोन्साल्विस हे तेथील पहिले गोमंतकीय आर्चबिशप झाले. मुंबईचा आर्चबिशप दूर गेला तो देशी माणसास जागा मिळावी म्हणून. गोव्याचा दूर गेला आणि जागा तेरा वर्षें अडून राहिली. दोन्ही ठिकाणीं गैरहजरीच, पण एकीनें दार उघडलें व दुसरीनें लावून ठेवलें.

ग्रेशियस यांच्यामागें मुंबईच्या गादीवर जे आले ते सारे हिंदी, आणि त्यांतले पहिले तिघेही कार्डिनल झाले. सायमन पिमेंता हे मरोळचे, म्हणजे ज्यांची घरची बोली मराठीचाच एक प्रकार आहे त्या ईस्ट इंडियन समाजांतले. ते १९८८ सालीं कार्डिनल झाले. वांद्र्याचे आयव्हन डायस यांचें अर्धें आयुष्य पोपाच्या वकिलातींतून निरनिराळ्या देशांत गेलें. २००६ सालीं ते रोमला त्याच प्रोपागांदा खात्याचे मुख्य झाले. ज्या खात्यानें तीन शतकांपूर्वीं आम्हांस बिशप पाठविले, त्या खात्याच्या गादीवर मुंबईकर बसला! त्यांच्यानंतरचे ओसवाल्ड ग्रेशियस हे चर्चच्या कायद्याचे पंडित व त्यांच्या न्यायासनाचे न्यायाधीश. २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं सल्लामसलतीसाठीं आठ कार्डिनलांचें मंडळ नेमलें त्यांत ते होते. २०१९ च्या फेब्रुवारींत मुलांवरील अत्याचारांविषयीं रोमला जी परिषद भरली, तिच्या आयोजकांतही ते होते. आणि त्याच सुमारास मुंबईंतील तक्रारी त्यांनीं कशा हाताळल्या याविषयीं त्यांच्यावर जाहीर टीका झाली, तिला त्यांनीं उत्तरही दिलें. २०२५ च्या जानेवारींत ते निवृत्त झाले. कोणाची बाजू खरी तें आम्ही येथें ठरवीत नाहीं. परंतु ज्या दफ्तरास बाहेरचा डोळा लागत नाहीं, तें दफ्तर संभाळणाऱ्याची सचोटी सिद्ध होण्याचा मार्गही त्या बंद दारामुळेंच बंद होतो.

येथें आमची खरी तक्रार सुरू होते. १९५० सालीं मुंबईच्या धर्मपीठास स्वराज्य मिळालें तें शिखरावर. पायथ्याशीं काय झालें? भाषेच्या बाबतींत पुष्कळ चांगलें झालें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागीं लोकभाषेंत उपासना आली. थॉमस स्टीफन्स यांनीं ‘क्रिस्तपुराण’ रचून १६१६ सालीं जी वाट दाखविली होती ती साडेतीनशें वर्षांनीं चर्चला पुन्हां सांपडली. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनीं तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली होती. पुढें ते पुणें धर्मप्रांताचे बिशप झाले, ज्यांत आपला सोलापूर जिल्हा येतो. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारींत शेजारच्या उस्मानाबादेस (आतां धाराशिव) मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीविरुद्ध ज्यांनीं ओरड केली त्यांनीं स्टीफन्सचें नांवही ऐकलें नसावें.

जातीच्या बाबतींत मात्र स्वराज्य पायथ्यापर्यंत पोंचलें नाहीं. १९५० च्याच ऑगस्टांत राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींचा जो हुकूम काढला त्यांतून ख्रिस्ती झालेले अस्पृश्य वगळले गेले. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस सवलत मिळाली. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. हा सरकारचा अन्याय म्हणून चर्चनें गाऱ्हाणें केलें, तें रास्त. पण चर्चच्या आंत काय? हिंदी बिशपांच्या परिषदेनेंच २०१६ च्या डिसेंबरांत दलितांविषयीं धोरण जाहीर करतांना, आपल्या घरांतही भेदभाव आहे, अशी कबुली दिली. दलित समाजांतला पहिला कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पुला, झाला तो २०२२ सालीं, म्हणजे ग्रेशियस यांच्यानंतर ६९ वर्षांनीं. बायकांविषयीं तर बोलावयासच नको. बिशपपद तर दूरच, साध्या पाद्र्याची दीक्षाही त्यांस नाहीं. परक्या राजाचा हक्क गेला म्हणजे प्रजेचा हक्क आपोआप येतो, हा भ्रम राजकारणांत आपण भोगला आहे. धर्मकारणांतही तोच अनुभव.

आतां आमचे वाचक म्हणतील, हें सारें त्यांच्या घरचें झालें, आपलें काय? नातेपुतें तर वारीच्या वाटेवरचें गांव. ज्ञानोबांची पालखी दर आषाढीस येथें मुक्काम करते. म्हणूनच आम्ही हें लिहितों. जी पालखी येथून जाते ती जेथें पोंचते तेथील इतिहास आठवा. चंद्रभागेच्या तीरावर विठोबाच्या पूजेचे हक्क बडवे व उत्पात घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. १९४७ च्या मे महिन्यांत सानेगुरुजींनीं प्राण पणास लावले तेव्हां हरिजनांस तें दार उघडलें. १९७३ सालीं पंढरपूर मंदिरांचा कायदा होऊन वंशपरंपरागत हक्क नष्ट झाले. पण खटले चालत राहिले ते थेट सर्वोच्च न्यायालयानें १५ जानेवारी २०१४ रोजीं अखेरचा निकाल देईतोंवर. कायदा झाल्यापासून निकालापर्यंत एकेचाळीस वर्षें! पोर्तुगालच्या सरकारानें चारशें वर्षांचें वतन एका सहीनें सोडलें, आणि आपल्या घरचें वतन सुटावयास दोन पिढ्या कोर्टांत झिजल्या. ही तुलना कोणास झोंबली तर आमचा नाइलाज आहे.

१९५० सालींच मुंबई सरकारनें सार्वजनिक विश्वस्त कायदा केला. तो देवळें, चर्चें, जैनांचीं देरासरें, साऱ्यांस सारखाच लागू आहे. त्याविरुद्ध रतिलाल गांधी यांच्या दाव्यांत १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जो निर्णय दिला तो आमच्या मतें प्रत्येक विश्वस्तानें वाचावा. पूजा कशी करावी हा धर्म. मालमत्तेचा हिशेब कसा ठेवावा हा कारभार. पहिल्यांत सरकारनें शिरूं नये, दुसऱ्यांत कायद्यास पूर्ण वाव आहे. मात्र कारभाराच्या नांवाखालीं संस्थाच धर्मवाल्यांच्या हातून काढून घेतां येणार नाहीं. या निर्णयानें कायद्याचीं कांहीं कलमें रद्द झालीं, बाकीचा कायदा टिकला. त्या टिकलेल्या कायद्याचा उपयोग आपण काय केला? आम्हीं एका देवस्थानाच्या दाव्यांत काम पाहिलें आहे. नांव सांगत नाहीं. विश्वस्तांपैकीं दोघे वारले होते, त्यांचा फेरफार अर्ज नऊ वर्षें दाखल नव्हता. तिघे अंथरुणास खिळलेले. आणि उरलेले एक गृहस्थ सर्वांच्या सह्या ‘त्यांच्या संमतीनें’ करीत. चोरी कोणी केली नव्हती. दानपेटी उघडली जात होती, पण वहींत ओळ नव्हती. गांवांत कोणास कांहीं विचारावें असें वाटलें नाहीं, कारण विचारणें म्हणजे देवावर अविश्वास!

रोमच्या चर्चमध्यें लोकांचें मत नाहीं हें आम्हीं वर म्हटलेंच. परंतु त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेंत दोन नियम असे आहेत कीं ते लोकशाहीच्या डांगोऱ्याखालीं चालणाऱ्या आपल्या संस्थांत सहसा दिसत नाहींत. पहिला: बिशपानें वयाच्या ७५ व्या वर्षीं राजीनामा लिहून द्यावा. तो लगेच स्वीकारला जातोच असें नाहीं. ओसवाल्ड ग्रेशियस ८० पर्यंत राहिले. पण कागद पोपाच्या टेबलावर जातो. ८० नंतर कार्डिनलास पोपाच्या निवडणुकींत मत नाहीं, हें तर सहाव्या पॉलनें १९७० सालींच ठरवून टाकलें होतें. दुसरा: प्रत्येक धर्मप्रांतांत व प्रत्येक चर्चमध्यें हिशेबासाठीं स्वतंत्र मंडळ असलेंच पाहिजे. तें मंडळ किती मोकळेपणीं बोलतें हा भाग निराळा, आणि तेथील हिशेबही भाविकांसमोर पूर्णपणें उघडे व्हावेत अशी मागणी खुद्द कॅथॉलिक लोक करीत असतातच. पण नियम आहे, म्हणून तो मोडल्याचें दाखवितां येतें. आमच्याकडे नियमच नाहीं. मग मोडलें काय म्हणावें?

वयाची मर्यादा घालावयास नवा कायदा लागत नाहीं. संस्थेची योजना धर्मादाय आयुक्तांकडून ५०-अ कलमाखालीं दुरुस्त करून घेतां येते. विश्वस्त बदलल्यास २२ व्या कलमाखालीं ९० दिवसांत फेरफार कळवावयाचा असतो. खर्च फार नाहीं. अडचण एवढीच कीं, अर्ज करावयाचा तो ज्यांस घरीं बसावें लागणार त्यांनींच. रॉबर्ट्स यांच्यापुढेंही तीच अडचण होती.

आमचे भुसारी स्नेही, ज्यांनीं प्रश्न विचारला होता, स्वतः एका लहान देवस्थानाचे विश्वस्त आहेत. वय ७८. हा मजकूर त्यांस आम्हीं आधीं वाचून दाखविला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, “७५ जरा कमी होतें. ८० करा, आणि मसुदा तयार करून द्या.” मसुदा आम्हीं ७५ चाच करून दिला आहे. आकडा त्यांनीं सभेंत बदलून घ्यावा.